मुलांच्या वाटा : लेक म्हणते, मॅचच्या ऑफिसात नोकरी!



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत डॉक्टरकी, इंजिनियरिंग, बँक आणि स्पर्धा परीक्षा या चार वाटांबद्दलची पत्रं सर्वांत जास्त असतात. या वेळी मात्र एका तालुक्याच्या गावाहून जरा निराळं पत्र आलं आहे. पत्र लिहिणाऱ्या बाईंची धाकटी लेक बी. कॉम. झाली. बँकेच्या परीक्षेची पुस्तकं घरात आणून ठेवलेली. आणि लेकीनं पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखत देऊन नोकरी मिळवली आहे! कंपनी काय करते? तर मोबाईलवर सामन्यांच्या बातम्या, धावफलक आणि लहान लहान चित्रफिती देते. कामाची वेळ दुपारी तीन ते रात्री बारा. वडील म्हणतात, "मॅच बघायला कुणी पगार देतं का?" सासूबाई म्हणतात, "रात्री बाराला घरी येणाऱ्या मुलीला स्थळ कुठून आणणार?" मुलगी रुसून बसली आहे.

आणि आई? बाई लिहितात, "मला लेकीच्या बाजूनं बोलायचं आहे हो. पण ती तिथं करणार काय, पुढं जाऊन होणार कोण, हेच मला धड सांगता येत नाही. मग बोलू काय?"

खरं आहे. वकिलीबद्दल, शिक्षिकेच्या नोकरीबद्दल आपल्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. पण 'स्पोर्ट्स डिजिटल मीडिया' असं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढं काही उभंच राहत नाही. म्हणून आज या धंद्याचीच ओळख करून घेऊ. तो कसा सुरू झाला, त्यात पैसा कुठून येतो, माणूस कुठल्या पायरीवरून कुठं चढतो आणि आईनं कोणते प्रश्न विचारावेत. मग घरात काय बोलायचं ते तुमचं तुम्हाला सुचेल.

हौसेनं लावलेलं रोप

आपल्या आया-मावश्यांच्या काळी सामना म्हणजे रेडिओ. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानावर पडत असे आणि पोळ्या लाटता लाटता धावसंख्या पाठ होत असे. पण जी मुलं शिकायला परदेशी गेली, त्यांचं काय? अमेरिकेत क्रिकेट ना वर्तमानपत्रात, ना टीव्हीवर. भारताचा सामना कोण जिंकलं, हे कळायला घरच्या फोनची वाट बघायची, आणि त्या काळी परदेशी फोनचा दर काय होता ते तुम्हाला सांगायला नको.

या मुलांजवळ एक गोष्ट मात्र होती, ती म्हणजे विद्यापीठातला संगणक. जिथं सामना दिसतो किंवा ऐकू येतो तिथल्या कुणीतरी धावसंख्या टंकायची, आणि जगभर विखुरलेल्या बाकीच्यांनी ती पडद्यावर वाचायची, असा घरगुती कारभार सुरू झाला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात असलेल्या सायमन किंग या ब्रिटिश संशोधकानं त्याला नीट रूप दिलं. त्याचं नाव 'क्रिकइन्फो'. पगार नव्हता, ऑफिस नव्हतं. गणपतीच्या मांडवात कार्यकर्ते राबतात ना, तसे हौशी लोक राबत होते. कुणी आजचा धावफलक भरायचा, कुणी जुन्या कसोट्यांचे आकडे शोधून काढायचे.

त्या कार्यकर्त्यांत एक तमिळ मुलगा होता, बद्री शेषाद्री. नागपट्टणमसारख्या लहान गावात वाढलेला, मद्रासच्या आय. आय. टी.तून इंजिनियर झालेला आणि कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट करत असलेला. १९९६ मध्ये त्याची डॉक्टरेट झाली. आता अशा मुलाच्या आईनं काय स्वप्नं पाहिली असतील, तुम्हीच सांगा! अमेरिकेतली नोकरी, बंगला, मोटार. पण हा मुलगा परत आला आणि क्रिकइन्फोचं भारतातलं काम चेन्नईहून उभं करू लागला. हौसेनं लावलेल्या रोपाची बाग झाली. तिथं पगारी माणसं आली, जाहिराती आल्या, नंतर मोठाले भागीदार आले.

पुढं २००० नंतर इंटरनेटच्या धंद्याचा फुगा जगभर फुटला, त्याचा तडाखा क्रिकइन्फोलाही बसला. २००३ मध्ये ते इंग्लंडच्या विस्डेनकडं गेलं. हे विस्डेन म्हणजे १८६४ पासून दर वर्षी क्रिकेटचा जाडजूड ग्रंथ काढणारं घराणं. मग २००७ मध्ये ईएसपीएननं ते विकत घेतलं. शेषाद्री तोवर बाहेर पडले होते. २००४ मध्ये त्यांनी तमिळ पुस्तकांची प्रकाशनसंस्था काढली, 'किळक्कु पदिप्पगम' या नावानं. म्हणजे एक माणूस इंजिनियर, क्रिकेटच्या संकेतस्थळाचा चालक आणि पुस्तकांचा प्रकाशक अशा तीन भूमिकांतून गेला. वरवर पाहिलं तर तीन वेगळ्या नोकऱ्या. पण नीट पाहिलं तर एकच काम : लोकांना काय हवं ते ओळखायचं, ते बिनचूक तयार करायचं आणि वेळेवर त्यांच्या हातात पोचवायचं.

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा. त्यांना मॅच बघणारी मुलगी दिसते आहे. ती मॅच दुसऱ्यांपर्यंत पोचवणारी होणार आहे, हा फरक एका वाक्यात कळतो.

पैसा येतो तरी कुठून?

"ते सगळं खरं, पण मोबाईलवर फुकट दिसणाऱ्या गोष्टीत पगार कुठून निघणार?" हा पुढचा प्रश्न. वाजवी आहे.

सामना दाखवण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो, आणि त्याचा लिलाव होतो. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या हक्कांचा लिलाव झाला. एकूण बोली गेली ४८,३९० कोटी रुपयांवर! त्यात भारतातल्या टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारनं घेतले २३,५७५ कोटींना. आणि मोबाईल-संगणकावर दाखवायचे, म्हणजे डिजिटल हक्क, व्हायकॉम १८ नं घेतले २३,७५८ कोटींना. आकडे पुन्हा वाचा. हातातल्या फोननं भिंतीवरच्या टीव्हीला मागं टाकलं होतं.

एवढी रक्कम वसूल करायची तर दोनच मार्ग. जाहिराती घ्यायच्या, नाहीतर बघणाऱ्यांकडून वर्गणी घ्यायची. आयपीएल फुकट दाखवायची की पैसे घेऊन, हा निर्णय किती वेळा फिरला पाहा. २०२० मध्ये हॉटस्टारवर ती वर्गणीदारांनाच दिसत होती. २०२३ मध्ये जिओसिनेमानं सगळ्यांना फुकट दाखवली. मग त्याच वर्षीचा विश्वचषक हॉटस्टारनं मोबाईलवर फुकट केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही एक होऊन 'जिओहॉटस्टार' झालं आणि पुन्हा वर्गणी आली. आपण घरी बसून नुसतं म्हणतो, "अगंबाई, आता पैसे मागतंय!" पण तो निर्णय कुठल्याशा खोलीत बसून कुणीतरी घेतलेला असतो. किती लोक वर्गणी भरतील, किती निघून जातील, जाहिरातवाले काय देतील, असा सगळा हिशेब मांडून. डिजिटल मीडियाचा 'एक्झिक्युटिव्ह' म्हणतात तो हाच माणूस. महिन्याच्या पगारात दूध, शाळेची फी, आजारपण आणि लग्नाचा आहेर बसवणाऱ्या बाईला हे काम समजायला जड जाऊ नये. शून्यं तेवढी वाढलेली.

पंगत उठल्यावर काय होतं?

पडद्यामागं काय चालतं, त्याचा एक किस्सा सांगते. जुलै २०१९. विश्वचषकाचा उपांत्य सामना, मँचेस्टरला, भारत विरुद्ध न्यूझीलंड. धोनी खेळपट्टीवर होता. त्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणाला २ कोटी ५३ लाख लोक सामना बघत होते. तो तेव्हाचा जागतिक उच्चांक होता. आणि धोनी धावबाद झाला.

तुम्ही-आम्ही काय केलं? हळहळलो आणि फोन बाजूला ठेवला. पण त्या कंपनीत बसलेल्यांची खरी परीक्षा तेव्हाच सुरू झाली. सामना सोडणारे लोक मागे जाण्याचं बटण दाबतात आणि सगळेच्या सगळे एकदम ॲपच्या पहिल्या पानावर येऊन आदळतात. लग्नात पंगत उठली की काय होतं ते आठवा. जेवताना सगळे आपापल्या पानावर शांत बसलेले असतात. उठल्याबरोबर पाचशे माणसं हात धुवायला एकाच नळाकडं! नळ आधीच वाढवून ठेवले नसतील तर गोंधळ. तशी तयारी तिथं महिनो न् महिने आधी करावी लागते. गर्दी वाढेल तेव्हाची आणि ओसरेल तेव्हाचीसुद्धा. पुढं १९ नोव्हेंबर २०२३ ला, अहमदाबादच्या अंतिम सामन्याच्या वेळी, हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला.

सांगायचा मुद्दा, या धंद्यात नुसते क्रिकेटचे वेडे कामाचे नसतात. आपण हरलो म्हणून डोळे पुसत बसायला त्यांना सवड नसते. ज्याला सामना रंगात आलेला असताना सामन्याकडं पाठ करून आपलं काम करता येतं, तोच तिथं टिकतो.

पहिली पायरी ते शेवटची

तुमची लेक पहिल्या दिवशी काय करेल? बहुधा धावफलकाच्या किंवा बातमीच्या टेबलावर बसेल. प्रत्येक चेंडूवर एक-दोन वाक्यं लिहायची : चेंडू कुठं पडला, फटका कुठं गेला, किती धावा. पुढचा चेंडू येईपर्यंत जेमतेम अर्धा मिनिट. चूक झाली तर ती लाखो लोकांना लगेच दिसते. नाव चुकलं, आकडा चुकला, तर तिकडून बोलणी बसलीच. पहिली दोन वर्षं हे काम कंटाळवाणं वाटतं, हात दुखतात, पगारही बेताचा असतो. पण नव्या सुनेनं वर्षभर रोजची आमटी केली की मग पुरणाची जबाबदारी अंगावर येते, तसंच आहे.

तिथून फाटे फुटतात. भाषा चांगली असेल तर संपादनाकडं. नजर तयार असेल तर चित्रफिती कापण्या-जोडण्याकडं. आकड्यांत रमत असेल तर कोण, कधी, किती वेळ बघतं याच्या हिशेबाकडं. बोलणं गोड नि पक्कं असेल तर जाहिरातींकडं. कायद्याची आवड असेल तर हक्कांच्या करारांकडं. आणि यातलं दोन-तीन जागी काम केलेला माणूस पुढं सगळ्यांचा प्रमुख होतो.

ताजं उदाहरण संजोग गुप्ता यांचं. सुरुवात पत्रकार म्हणून. २०१० मध्ये ते स्टार इंडियात आले. तिथं कार्यक्रम काय दाखवायचे, कसे दाखवायचे, लोकांपर्यंत कसे न्यायचे, अशी निरनिराळी कामं त्यांनी केली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, ती रुजवण्यात त्यांचा वाटा होता. आपल्या मातीतला खेळ मॅटवर आला आणि घराघरांत बायकासुद्धा 'सुपर रेड' म्हणू लागल्या, तो काळ आठवतो ना? नोव्हेंबर २०२४ मध्ये ते जिओस्टारच्या क्रीडा विभागाचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे, म्हणजे आयसीसीचे, मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून त्यांची निवड झाली. बातमी लिहिण्यापासून जगाच्या क्रिकेटचा कारभार बघण्यापर्यंत मजल गेली.

"ते पुरुषांचं झालं," असं म्हणाल. मग शारदा उग्रांचं नाव लक्षात ठेवा. १९८९ मध्ये मुंबईच्या 'मिड-डे'त त्यांनी क्रीडा पत्रकारिता सुरू केली. तेव्हा मैदानावरच्या पत्रकारकक्षात बाई दिसणं हीच नवलाई होती. पुढं 'द हिंदू', मग 'इंडिया टुडे' आणि नंतर क्रिकइन्फोत ज्येष्ठ संपादक. छापील कागदावरून पडद्यावर त्या सहज आल्या, कारण सामना समजून घेऊन नेमकं लिहिणं ही त्यांची पुंजी दोन्हीकडं चालणारीच होती.

आणि बायकांच्या खेळाचीही आता बाजारात किंमत झाली आहे. जानेवारी २०२३ मध्ये महिलांच्या प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना विकले गेले. आपल्या सांगलीची स्मृती मानधना आज घरोघरी माहीत आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक उचलला, तेव्हा कितीतरी घरांत रात्रीची भांडी तशीच राहिली असतील! त्या रात्री तो सामना आपल्या हातात पोचवायला कुणीतरी जागं होतं. तिथं बसायला तुमच्या लेकीनं का जाऊ नये?

मराठी उपयोगाची आहे, बरं का

इंग्रजी फाडफाड येत नाही म्हणून लहान गावातल्या मुली इथं बिचकतात. इंग्रजी हवंच, निदान वाचून नीट कळण्याइतकं. पण आता उलटंही घडतं आहे. २०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमानं बारा भाषांत समालोचन ठेवलं, त्यात मराठी होती, भोजपुरीही होती. त्या मराठी समालोचनात पुण्याचा केदार जाधव होता. गंमत म्हणजे समालोचन करता करताच त्याला बंगळूरच्या संघाकडून खेळायचं बोलावणं आलं आणि तो माईक ठेवून बॅट घेऊन निघाला!

ज्या मुलीला 'चेंडू यष्टीच्या बाहेरून आत वळला' हे झटकन आणि शुद्ध लिहिता येतं, तिला मागणी आहे. तेव्हा लेकीला मराठी वाचनाची सवय असेल तर ती मोडू देऊ नका. सोबत संगणकावर मराठी वेगानं टंकायचा सराव करायला सांगा. कामाला लागताच त्याचा उपयोग होईल.

शिकायचं काय?

या कामाला एकच एक पदवी नाही. बी. कॉम. झालेली मुलगी हिशेबाकडून जाऊ शकते, कला शाखेची भाषेकडून, संगणकाची मुलगी तांत्रिक बाजूनं. पत्रकारिता शिकायची तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. क्रीडा व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थाही निघाल्या आहेत. मुंबईत २०१० मध्ये अशी एक संस्था नीलेश कुलकर्णी यांनी काढली. हे तेच कुलकर्णी, ज्यांनी १९९७ मध्ये कोलंबोला कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला होता. तिथं प्रवेश घ्यावाच असं मी म्हणत नाही. कुठल्याही संस्थेची भरमसाट फी भरण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या दोन-तीन मुलींना गाठा. नोकरी कुठं लागली, पगार किती मिळाला, हे तोंडावर विचारा. रंगीत माहितीपत्रकावर विसंबू नका.

नोकरी हातात असेल तर माझं मत सरळ आहे. आधी वर्षभर काम, मग अभ्यासक्रम. बँकेची पुस्तकं कपाटात राहू द्यात, ती काही दूध नाहीत नासायला.

रात्रीचा प्रश्न

आता सासूबाईंच्या काळजीकडं वळू. ती खोटी नाही, आणि तिची थट्टा करण्यात शहाणपण नाही. सामने संध्याकाळी असतात, रविवारी असतात, ऐन दिवाळीतही असतात. वेस्ट इंडिजमधला सामना आपल्याकडं मध्यरात्री रंगतो, ऑस्ट्रेलियातली कसोटी पहाटे सुरू होते. त्यामुळं घड्याळ उलटंसुलटं होणारच. जेवणाच्या वेळा बिघडतात, झोप तुटते, पित्त वाढतं. ही या धंद्याची किंमत आहे, ती आधीच माहीत असावी.

पण एक गोष्ट प्रत्येक आईला माहीत हवी. महाराष्ट्राच्या दुकानं व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. आणि संमती दिली तर तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था करणं आणि तिला कामावरून थेट घराच्या दारापर्यंत पोचवणं ही मालकाची जबाबदारी आहे. गल्लीच्या तोंडाशी सोडून गाडी निघून गेली, असं चालत नाही. तसंच दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीत स्त्रियांच्या छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती असलीच पाहिजे, हा २०१३ चा कायदा आहे. लेकीनं हे पहिल्याच दिवशी विचारलं तर कुणी तिला आगाऊ म्हणणार नाही. म्हणालंच, तर ती कंपनी कशी आहे ते आयतंच कळलं.

आणखी एक सावधगिरी

इथं कंपन्या उगवतात, एकमेकींत मिसळतात, बंदही पडतात. क्रिकइन्फोचे मालक कसे बदलत गेले ते वर पाहिलंच. दोन कंपन्या एक झाल्या की एकाच कामाला दोन माणसं होतात, आणि त्यातलं एक घरी जातं. शिवाय पैसा कुठून येतो तेही पाहावं. क्रीडा माध्यमांना बराच काळ पैसे लावून खेळायच्या ॲपांच्या जाहिरातींचा मोठा आधार होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ आणि त्यांच्या जाहिराती बंद केल्या. एका फटक्यात तो झरा आटला. अशा एकाच नळावर ज्यांचं घर चालत होतं, त्यांची काय तारांबळ उडाली असेल!

म्हणून नोकरी घेण्याआधी मुलीनं एवढं विचारून घ्यावं. आईनं कागदावर लिहूनच द्यावं :

नेमणूकपत्र लेखी मिळणार का, आणि नोकरी कायम आहे की कंत्राटी?

भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? कापला जात असेल तर क्रमांक कधी मिळणार?

रात्री घरी पोचवायला गाडी आहे का? कुणाची? सोबत कोण असतं?

सणासुदीला आणि रविवारी काम केलं तर बदली सुटी मिळते का?

कंपनीचं उत्पन्न जाहिरातींवर, वर्गणीवर की दुसऱ्या कंपनीसाठी केलेल्या कामावर?

दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुली आज कुठल्या कामावर आहेत?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. मुली दोन वर्षांनीही त्याच खुर्चीत असतील किंवा सगळ्याच सोडून गेल्या असतील, तर तिथं शिकायला फार काही नाही. आणि पगार सुरू झाला की पहिल्या महिन्यापासून थोडी रक्कम बाजूला टाकायला शिकवा. निदान चार-सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी पुंजी हाताशी असली की कंपनी बंद पडली तरी मुलगी घाबरत नाही, आणि पटत नसेल तर मान ताठ ठेवून निघून येते.

राहता राहिलं स्थळाचं

पत्र लिहिणाऱ्या ताई, खरी धास्ती तुम्हाला याचीच आहे, ते ओळींमधून कळलं. बघायला येणारे विचारतील, "मुलगी काय करते?" तेव्हा "काहीतरी मोबाईलवरचं करते हो," असं संकोचून सांगू नका. आपण खालच्या आवाजात सांगितलं की समोरचा ते खालचंच समजतो. "खेळांच्या बातम्यांच्या कंपनीत आहे. सामना चालू असताना लाखो लोकांसाठी लिहिते. पाळी रात्रीची असते, गाडी दारात सोडते," असं स्पष्ट सांगा. रात्रीच्या पाळीतल्या नर्सला आणि पहाटेच्या गाडीवरच्या कंडक्टर बाईला आता कुणी नावं ठेवत नाही. हेही अंगवळणी पडेल. ज्या घराला ते चालणारच नाही, ते घर आत्ताच कळलेलं बरं. लग्नानंतर मुलीनं नोकरी आणि संसार यांत रोज रडत निवड करण्यापेक्षा एक स्थळ गेलेलं परवडलं.

मुलीलाही चार शब्द ऐकवा. वडिलांशी वाद घालण्याऐवजी एखाद्या रविवारी त्यांना शेजारी बसवून घे म्हणावं. सामना लावायचा आणि तिनं चेंडूगणिक लिहून दाखवायचं. एकच षटक. सहा चेंडू, सहा वाक्यं, एकही चूक नाही. मग वडिलांना म्हणावं, पुढचं षटक तुम्ही लिहा. बहुतेक तिसऱ्या चेंडूला ते चष्मा काढून ठेवतील. पगार कशाचा देतात, हा प्रश्न पुन्हा निघायचा नाही.

वर्षभराची मुदत ठरवून घ्या. वर्षानंतर तिघांनी मिळून पुन्हा बसायचं : तब्येत कशी आहे, शिकायला काय मिळालं, पगार वाढला का. उत्तरं बरी असतील तर पुढं चालू द्यावं. नसतील तर बँकेची पुस्तकं कपाटात आहेतच.

तुमच्या घरातही अशी न कळणारी नोकरी आली असेल, तर जरूर लिहा. नाव छापलं जाणार नाही. पुढच्या वेळी पाहू या, दहावीनंतर लगेच कमाईला लागणाऱ्या मुलांचं शिक्षण कसं चालू ठेवायचं ते.